पट्टीशिवाय काढलेली रेघ

मला बघायला जळगावहून पाच जण आले होते. मुलगा, त्याची आई, मामा, मध्यस्थ आणि मध्यस्थाची बायको. मुलगा जळगावच्या एका हायस्कुलात ड्रॉइंगचा शिक्षक होता. ऐंशी साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. मी एकोणीस वर्षांची, शिक्षण संपवून घरी बसलेली. आमचं घर सावद्याला, गावाच्या कडेला. मागच्या दारातून बाहेर पडलं की केळीचा बाग सुरू व्हायचा.

पोहे झाले, चहा झाला. मी पेपर वाचून दाखवला, चालून दाखवलं, सुईत दोरा ओवून दाखवला. मुलाच्या आईने माझी वेणी हातात घेऊन वजन केल्यासारखी वर-खाली केली. इथपर्यंत सगळ्या मुलींचं व्हायचं तेच माझं झालं होतं. मग मुलाने खिशातून पेन काढलं, छोट्या डायरीचं एक पान फाडलं आणि माझ्यासमोर सतरंजीवर ठेवलं.

"एक सरळ रेघ काढून दाखव," तो म्हणाला. "पट्टीशिवाय. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

कागदाखाली मऊ सतरंजी. एका हाताने डोक्यावरचा पदर धरलेला, आणि आठ-नऊ माणसं वाकून बघतायत. मी रेघ काढली. ती मध्यावर खाली घसरली, मग घाबरून वर आली आणि शेवटी सतरंजीच्या सुरकुतीवर अडखळून थांबली. त्याने पान उचललं, सगळ्यांना दिसेल असं धरलं.

"मामा, ही रेघ म्हणायची का गावचा नाला?"

मामा हसला. मध्यस्थ हसला. मध्यस्थाची बायको तोंडाला पदर लावून हसली. आणि माझे वडील, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, तेही हसले. पाहुण्यांचा मान राखायला हसले असतील. पण त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते भाऊंचं हसणं.

चौथ्या दिवशी मध्यस्थाकडून निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण तिचा हात थरथरतो.

नुसता नकार आला असता तर महिन्याभरात विसरले असते. नकार मुलींना येतच होते. पण या नकाराबरोबर कारण आलं, आणि ते कारण आमच्या घरी येण्याआधी गावभर फिरून आलं होतं. पुढचं स्थळ रावेरचं होतं. त्या बाईने मला पाण्याचा पेला काठोकाठ भरून आणायला सांगितला आणि मी चालत असताना माझ्या तोंडाकडे न बघता पेल्याकडे बघत राहिली. पाणी सांडलं. काठोकाठ भरलेला पेला कुणाच्याही हातून सांडतो. त्याच्या पुढच्या स्थळाकडच्या काकाने भाऊंना बाजूला घेऊन विचारलं, "मुलीला फिट येते का?"

आई मला डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी माझे दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगितले, बोटांवर एक कागद ठेवला आणि तो हलतो का ते बघितलं. कागद हलला नाही. "हिला काही झालेलं नाही," ते म्हणाले.

"तसं लिहून द्या ना, डॉक्टरसाहेब," आई म्हणाली.

"काही झालं नाही असं काय लिहून देऊ?" असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

दोन वर्षांनी माझ्याहून तीन वर्षांनी लहान बहिणीचं लग्न आधी झालं. तिला शिंदखेड्याला दिली. लग्नात अक्षतांचं ताट घेऊन मी पुढे निघाले तर मावशीने ते माझ्या हातातून काढून घेतलं. "राहू दे व माय, सांडतीन," ती म्हणाली. प्रेमाने म्हणाली. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिले आणि सगळी मंगलाष्टकं संपेपर्यंत मनात एकच गोष्ट ठरवत राहिले. मी रेघ शिकणार, आणि त्या माणसाला त्याच्याच कामात, त्याच्याच लोकांसमोर मान खाली घालायला लावणार. पुढे लोक मला विचारायचे की चित्रकलेची ओढ लहानपणापासून होती का. मी हो म्हणायची. ओढ वगैरे काही नव्हती. मला तो माणूस हवा होता.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे पेंटर राहायचे. सगळे त्यांना नाना म्हणत. केळी भरून जाणाऱ्या ट्रकांच्या फळ्यांवर नावं, नंबर, वेलबुट्टी आणि बाजारातल्या दुकानांच्या पाट्या हे त्यांचं काम. त्यांची बायको दिवसभर घरी असायची, म्हणून आईने मला दुपारचं तिकडे जाऊ दिलं.

"तुले कायले पाह्यजे रेघ?" नानांनी विचारलं. पाटी लिहायला बाई येते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"एका माणसाला दाखवायचीय."

त्यांनी ब्रश पुसता पुसता माझ्याकडे बघितलं. गोष्ट त्यांच्याही कानावर आली असणार. "मंग शिकशीन," ते म्हणाले.

त्यांनी काळा रंग मारलेला एक पत्रा भिंतीला टेकवला आणि खडू दिला. पहिला महिनाभर आडव्या रेघा, दुसरं काही नाही. उभं राहायचं, पाय रोवायचे आणि डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एका दमात रेघ ओढायची. मनगट वळलं की नाना मागून लाकडी फूटपट्टी माझ्या मनगटावर टेकवायचे. मारायचे नाहीत, नुसती टेकवायचे. "खांद्यातून. मनगट मेलेलं समज." खडूकडे बघायचं नाही, रेघ जिथे पोचायची तिथे बघायचं. मी उजव्या कडेला त्या मास्तराचं नाक ठेवायची. रोज शंभरेक रेघा त्या नाकात घुसायच्या. पत्रा भरला की ओल्या फडक्याने पुसायचा, वाळेपर्यंत नानांच्या बायकोबरोबर शेंगा सोलायच्या आणि पुन्हा सुरुवात.

आडव्या झाल्यावर उभ्या, उभ्यांनंतर तिरप्या. तिरप्या रेघा सगळ्यात खोटारड्या. सुरुवातीला सरळ वाटतात आणि मागे सरून बघितलं की पोटात वाकलेल्या दिसतात. त्यानंतर एकमेकींपासून बोटभर अंतरावर जाणाऱ्या रेघा, अंतर न बदलता. मग चौकोन, गोल, आणि सहा महिन्यांनी खोकं. खोकं काढायला लागले तेव्हा माझी गाडी अडली. मी काढलेलं प्रत्येक खोकं मागच्या बाजूला फुगायचं. नानांनी दोन दिवस बघितलं आणि म्हणाले, "पत्रा राहू दे. तुमच्या बागात जाय. दोन रांगांच्या मधात उभी राह्य आन् पाह्य."

मी गेले. आमच्या बागात केळीचे कंद दोरी धरून लावलेले होते. लावताना मी स्वतः दोरीचं टोक धरून उभी राहिले होते, त्यामुळे दोन रांगांमधलं अंतर शेवटपर्यंत सारखं आहे हे मला पक्कं माहीत होतं. तरी दोन्ही रांगा लांब जाऊन एकमेकींना चिकटलेल्या दिसत होत्या. मी चालत तिथपर्यंत गेले. अंतर तेवढंच होतं. परत आले आणि खाली बसले, तर चिकटण्याची ती जागा माझ्याबरोबर खाली आली. विहिरीच्या कठड्यावर चढले, तर ती वर चढली. माझा डोळा जिथे, तिथे ती. मी चार-पाच वेळा बसले, उठले, चढले, उतरले. मजूर बायका माझ्याकडे बघून हसायला लागल्या. त्या दुपारी मी अडीच-तीन वर्षांत पहिल्यांदा खूश होते. घरी परतताना लक्षात आलं की तासभर मला तो मास्तर आठवलाच नव्हता, आणि मला स्वतःचा राग आला. दुसऱ्या दिवशी मी नाक पुन्हा त्याच्या जागी ठेवलं आणि खोकी काढायला लागले. आता ती फुगत नव्हती.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा मी परकर-पोलक्यातल्या शाळकरी मुलींमध्ये बसून दिल्या. दोन्हींत ए ग्रेड मिळाली. मग चित्रकला शिक्षकाच्या डिप्लोमासाठी धुळ्याला जायचं ठरवलं. भाऊंनी नाही म्हटलं नाही. त्या पाहुण्यांसमोर हसल्यानंतर त्यांनी मला कशालाच नाही म्हटलं नव्हतं.

धुळ्याच्या जुन्या भागातल्या गल्ल्या आखून काढल्यासारख्या सरळ आहेत. तिथल्याच एका गल्लीत मला खोली मिळाली. सकाळी कॉलेजला जाण्याआधी मी ओट्यावर बसून गल्ली काढायची. दोन्हीकडच्या घरांचे पत्रे, ओटे, गटारं, विजेच्या तारा, सगळं लांबवर एका ठिपक्यात जायचं. रोज तीच गल्ली. पट्टी मी विकतच घेतली नव्हती. घरमालकीण अक्का झाडू घेऊन यायच्या आणि माझ्या वहीत डोकवायच्या.

"हाई काय शे? बठ्ठ्या रेघाच शेतस!"

"हो अक्का. रेघाच."

"मानसे कुठे शेतस मंग?"

माणसं माझ्या चित्रात नव्हती. गल्ली बरोबर आली की मला पुरायचं.

डिप्लोमा झाल्यावर त्याच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली. स्थळं यायची थांबली होती आणि मीही कुणाला आठवण करून दिली नाही. वर्षं जात राहिली. माझ्या शाळेतल्या मुली इंटरमिजिएटला दरवर्षी चांगल्या पास होत, आणि पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे लांब जाणाऱ्या रेघा एका ठिपक्यात मिळवणं, शिकवावं तर या बाईंनी, असं धुळे-जळगाव दोन्ही जिल्ह्यांतले ड्रॉइंगचे शिक्षक म्हणायला लागले. नव्वदनंतर एका मे महिन्यात जळगावला एका शाळेत शिक्षकांसाठी पाच दिवसांचं शिबिर भरलं आणि शिकवायला मला बोलावणं आलं. बरोबर शिबिराला येणाऱ्यांची यादी होती. यादीत त्याचं नाव होतं.

मी ती यादी घेऊन शिंदखेड्याला बहिणीकडे गेले. तिने नाव वाचलं आणि यादी माझ्या हातात परत देत म्हणाली, "ताई, सोडू नको."

शिबिरात पहिल्या दिवशी तो तिसऱ्या रांगेत बसला होता. केस गेलेले, पोट आलेलं, चष्मा. त्याने मला नमस्कार केला. "मॅडम, तुमचं नाव खूप ऐकलंय." ओळखीची एक खूणही त्याच्या तोंडावर नव्हती. मी सगळ्यांना पट्ट्या पिशवीत ठेवायला सांगितल्या. वीस-वीस वर्षं शिकवणारी माणसं कुरकुरली. मी तासभर आडव्या रेघा काढायला लावल्या आणि रांगांमधून फिरले. त्याच्याजवळ थांबले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. इतकी वर्षं वाट बघितली होती, दोन दिवसांनी काही बिघडत नव्हतं. शिवाय मला त्याचं काम नीट बघून घ्यायचं होतं. काम वाईट नव्हतं, आळशी होतं. ज्याला कधी कुणी तपासलं नाही त्याचं असतं तसं.

तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांना त्या शाळेची इमारत कोपऱ्यातून दिसते तशी काढायला लावली, व्हरांडा आणि खांबांसकट. चित्रं जमा केली आणि त्याचं निवडून फळ्यावर लावलं. मग त्यालाच पुढे बोलावलं. त्याला वाटलं असावं की कौतुक होणार, कारण तो शर्ट नीट करत आला.

"सरांच्या इमारतीच्या उजव्या बाजूच्या रेषा कुठे मिळतात ते बघू," मी म्हटलं. मिळण्याची जागा कागदाच्या बाहेर, हातभर लांब पडत होती. मी इमारतीच्या कोपऱ्याच्या वरच्या आणि खालच्या टोकापासून दोरे लावले आणि त्यांची दुसरी टोकं त्याच्या चिमटीत दिली. "इथे धरून उभे राहा, सर. हलू नका."

तो हात वर करून उभा राहिला. मी एकेका खांबापाशी जाऊन दाखवायला लागले की दोरा कुठून जातो आणि सरांचा खांब कुठे संपतो. एकाही खांबाचं डोकं दोऱ्याला लागत नव्हतं. लोक हसायला लागले. तोही हसला, पाहुण्यांसमोर हसतात तसा. मी घाई केली नाही. वीस-पंचवीस मिनिटं तरी तो तसाच उभा होता, वर पत्र्याचं छप्पर, काखेत घामाचे डाग वाढत चाललेले. मग मी मागे सरले, दोऱ्यांकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सरांचा हात थरथरतो. दुसऱ्या कुणीतरी येऊन धरा."

दोरे हलत होते. पण इतका वेळ हात वर धरून, पंख्याच्या वाऱ्यात, कुणाच्याही चिमटीतले दोरे हलले असते. हे मला माहीत होतं. त्या खोलीतल्या सगळ्यांना ते माहीत असायला हवं होतं. पण दुपारच्या जेवणाला एकजण त्याला विचारत होता, "सर, साखरेचा त्रास आहे का?"

शेवटच्या दिवशी चहाच्या वेळी तो माझ्यापाशी आला. "मॅडम, तुम्ही तसं म्हणायला नको होतं. माझा हात थरथरत नाही."

"तुम्ही सावद्याला एक मुलगी बघायला आला होतात," मी म्हटलं. "तिला सतरंजीवर रेघ काढायला लावलीत. ती मी."

त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "सावद्याला आम्ही दोन-तीनदा आलो होतो," तो म्हणाला. "त्या वर्षी पुष्कळ मुली बघितल्या. खरंच आठवत नाही."

"नाला म्हणाला होतात."

"म्हणालो असेन. तेव्हा मी सगळ्याच मुलींना रेघ काढायला लावायचो. पण हात थरथरतो असं मी बोललो नाही, मॅडम. आईने कळवलं असेल. नकार द्यायला काहीतरी सांगावं लागतं."

"मलाही काहीतरी सांगावं लागलं," मी म्हटलं आणि कप खाली ठेवला.

धुळ्याला परत येताना बसमध्ये माझ्या अंगाची आग होत होती. माझी स्थळं गेली, माझ्या हातातून अक्षतांचं ताट गेलं, आणि या माणसाला ती दुपार आठवतसुद्धा नव्हती. केलं ते कमी केलं असं मला वाटत होतं.

कमी नव्हतं. हळूहळू बातम्या यायला लागल्या. त्याच्या शाळेत बक्षिसांच्या प्रमाणपत्रांवर सुंदर अक्षरात नावं लिहायचं काम वर्षानुवर्षं तो करायचा. हेडमास्तरांनी ते दुसऱ्याला दिलं. फळ्यावरचा सुविचार दुसरा लिहायला लागला. ग्रेड परीक्षांच्या त्याच्या वर्गातून पालकांनी मुलं काढली. जळगावच्या एका शिक्षिकेने मला सांगितलं, "आता सभेत सरांना चहा अर्धाच कप देतात. सांडू नये म्हणून." मी बहिणीला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिच्या सासूने आतून येऊन विचारलं की झालं काय.

मला वाईट वाटलं असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. मला वाईट वाटलं नाही.

वर्षभराने शाळेच्या पत्त्यावर एक मोठं पाकीट आलं. आत कागदभर आडव्या रेघा, डॉक्टरचा दाखला आणि त्याचं पत्र. हाताला काही झालेलं नाही, डॉक्टरांनी लिहून दिलं आहे, पण हेडमास्तर म्हणतात की शिबिर घेणाऱ्या बाईंनीच सर्वांसमोर सांगितलं होतं. तरी आपण त्यांना दोन ओळी लिहाव्यात. मी दाखला बाजूला ठेवला. डॉक्टर असा दाखला देतात तर, हे मला नव्याने कळलं. मग लाल पेन घेऊन कागद तपासला. तिसऱ्या ओळीत दाब कमी-जास्त. सातव्या ओळीचा शेवट खाली. खाली लिहिलं, "पुन्हा." आणि परत पाठवला.

पंधरा दिवसांत दुसरा कागद आला. "अंतर सारखं नाही. पुन्हा." तिसरा आला. मी उभ्या रेघा मागितल्या. चौथ्यात उभ्या आल्या. तिरप्या मागितल्या, त्या पोटात वाकलेल्या आल्या, पुन्हा मागितल्या. मला हे थांबवायचं नव्हतं. शाळेच्या टपालात त्याचं पाकीट दिसलं की माझा दिवस चांगला जायचा. पण प्रत्येक कागद आधीच्यापेक्षा चांगला येत होता. चाळिशी ओलांडलेला माणूस कुठेतरी बसून रोज या रेघा काढत असणार, आणि तसं बसल्याशिवाय ते जमत नाही हे मला कुणी सांगायला नको होतं. सहाव्या वेळी मी खिडकीपाशी नेऊन, कागद डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरून बघितला. खोट सापडली नाही.

मी लिहिलं, "समोर काढून दाखवावं लागेल. शनिवारी सकाळी शाळेत या."

तो आला. जळगावहून पहाटेची बस धरली असणार. खांद्याला कापडी पिशवी, बुटांवर धूळ. आठवीच्या वर्गात माझा तास होता, पन्नासेक मुली. मी त्यांना सांगितलं, "हे जळगावचे ड्रॉइंगचे सर आहेत. आज तुम्हाला फळ्यावर चित्र काढून दाखवतील." मग त्याला म्हटलं, "खिडकीतून गल्ली दिसते ती काढा."

ती गल्ली मी स्वतः शंभरदा काढली होती. त्यात माणूस कुठे चुकतो ते मला पाठ होतं. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि वाट बघायला लागले.

त्याने खिडकीतून बघून घेतलं, मग डोळ्याच्या उंचीवर फळ्यावर एक आडवी रेघ ओढली. खांद्यातून, एका दमात. तिच्यावर ठिपका दिला. दोन्हीकडची घरं त्या ठिपक्याकडे जायला लागली. पत्रे, ओटे, तारा, सगळं जिथल्या तिथे. मी चूक शोधत होते आणि ती येत नव्हती. मग त्याने खडूचा तुकडा आडवा धरून एका ओट्यावर धान्य निवडणारी बाई काढली. चार-पाच फटकाऱ्यांत. तिच्यासमोर सूप, सुपाशी टपून बसलेली एक चिमणी. पुढे भिंतीला टेकवलेली सायकल. गल्लीच्या पार टोकाला, जिथे सगळं बारीक होतं, तिथे डोक्यावर टोपली घेऊन येणारं कुणीतरी, नखाएवढं. मुली बाकांवर गुडघे टेकून उंच झाल्या. एक म्हणाली, "बाई, चिमणी बघा ना!"

हे मला कधी सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी जमलं नसतं. मी तेवढी वर्षं त्याच गल्लीत राहून ती रिकामीच काढत आले होते.

तो बाजूला झाला तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना थांबवू शकले असते, पण थांबवलं नाही. मी टेबलापाशी गेले, शाळेचा कागद घेतला आणि त्याच्या हेडमास्तरांना लिहिलं की सरांचा हात पूर्ण स्थिर असल्याचं मी स्वतः पाहिलं आहे आणि शिबिरात मी म्हणाले ते चुकीचं होतं. सही केली. त्याने तो कागद उभ्यानेच वाचला, दोनदा वाचला, आणि घडी करून पिशवीतल्या वहीत ठेवला. हात फडक्याने पुसले.

"मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, "तेव्हा तुम्हाला जर मी..."

"जळगावची बस साडेबाराला आहे," मी म्हटलं. "स्टँड इथून वीस मिनिटं."

त्याने मान हलवली, मुलींकडे बघून हात वर केला आणि गेला. दारातून दिसेनासा होईपर्यंत त्या "या सर, या सर" करत राहिल्या.

"बाई," पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर परत कधी येतील?"

"येणार नाहीत," मी म्हटलं. "वह्या काढा."